मदत हवी आहे: ट्विनमध्ये (दोन इंजिनांच्या विमानात) टेकऑफनंतर इंजिन गेलं की माझे दोन्ही पाय दाबले जातात

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सीपीएलची (व्यावसायिक वैमानिक परवान्याची) विद्यार्थिनी. सिंगल इंजिनचे तास झाले, आता मल्टी-इंजिन चालू आहे. विमान जुनं पायपर सेनेका टू. चेक (परीक्षेचं उड्डाण) बारा दिवसांवर आलाय. सर्किट, स्टॉल, इन्स्ट्रुमेंट अप्रोच, वर चार हजार फुटांवर एक इंजिन बंद करून उडवणं, हे सगळं जमतं. टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं, असं सर करतात तेव्हा मात्र हातपाय ऐकत नाहीत.

परवाची सॉर्टी (सरावाचं उड्डाण) सांगते. सकाळी साडेसात, वारा जवळपास नाही. रोटेट केलं (नाक उचललं), गेअर (चाकं) वर घेतला, पाचशे फूट ओलांडले. सरांनी चेकलिस्टचं पुठ्ठ्याचं पान लिव्हरवर आडवं धरलं आणि त्यामागून एक थ्रॉटल ओढला. नाक डावीकडे निघालं. मी उजवा पाय, म्हणजे नाक उजवीकडे फिरवणारं रडर पेडल, दाबला. नाक मंदावलं, पण थांबलं नाही. आणखी दाबला, तरी सरकतच होतं. तिथे मनात आलं, आपण चुकीचा पाय तर दाबत नाही ना? आणि डावा पायही ताठ झाला. मग पाठ केलेलं ‘रिकामा पाय, बंद इंजिन’ (ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचं इंजिन बंद) आठवलं, पण माझा एकही पाय रिकामा नव्हता! म्हणून मॅनिफोल्ड प्रेशरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाच्या) काट्यांकडे बघितलं, तिथून काही कळेना, आणि हात उजव्या लिव्हरवर गेला. म्हणजे चालत्या इंजिनाच्या. स्पीड 92 नॉटवरून 78 वर आला होता. सरांनी ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान घेतलं.

खाली उतरून इंजिनं बंद केल्यावर बघितलं तर डाव्या तळहातावर योकच्या (विमानाच्या स्टिअरिंगच्या) कडेचा वळ उमटलेला होता. इतका घट्ट धरला होता, आणि मला तेव्हा जाणवलंही नव्हतं.

हे तिसऱ्यांदा झालं. सर चांगले आहेत, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, ‘पाय कमी पडतोय आणि हात घाई करतोय.’ पण यावर उपाय काय करू ते मला समजत नाहीये. पुस्तकातला क्रम झोपेत विचारला तरी सांगेन: मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण), प्रॉप, थ्रॉटल पुढे, फ्लॅप वर, गेअर वर, बंद इंजिनाची ओळख, खात्री, फेदर (त्याच्या प्रॉपेलरची पाती वाऱ्याच्या रेषेत नेणं). तो क्रम पायात उतरत नाही.

दुसरी शंका त्याहून मोठी आहे. सेनेकाची दोन प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे ‘क्रिटिकल इंजिन’ (जे गेलं तर जास्त त्रास होतो ते) असा प्रकार नाही. एक गेलं तरी दुसरं आहेच. मग सर प्रत्येक टेकऑफच्या आधी ‘चढलं नाही तर समोर उतरायचं’ असं का म्हणून घेतात? दोन इंजिनांचं विमान समोरच्या शेतात उतरवायचं असेल तर दुसऱ्या इंजिनाचा उपयोग काय? घरी शिक्षणाचं कर्ज आहे, आणि 12 जून 2025 ला अहमदाबादला जे झालं त्यानंतर आई रोज सॉर्टी संपल्याच्या फोनची वाट बघत बसते. तिला खरं सांगता यावं म्हणून तरी मला हे नीट समजून घ्यायचंय.

जाणकारांनी कृपया वेळ द्यावा.

जुना_इन्स्ट्रक्टर

बाळ, घाबरू नकोस, तुझं वर्णन इतकं स्वच्छ आहे की अर्धं उत्तर त्यातच आहे. आधी मला एवढं सांग. तुझी उंची किती? सीट कितव्या खाचेवर लावतेस? आणि पूर्ण रडर दाबल्यावर तुझा गुडघा थोडा वाकलेला राहतो की पाय सरळ होतो?

धागाकर्ती

काका, उंची पाच फूट एक इंच. सीट सगळ्यात पुढे घेते. पूर्ण रडर कधी दाबून बघितलेलाच नाही. प्रीफ्लाइटला पेडल हलवते तेवढंच. आत्ताच जाऊन हँगरमध्ये बघू का?

देखभालवाला

ताई, थांबा. विमान उभं असताना पेडलवर जोर लावू नका. सेनेकाचं नोजव्हील पेडललाच जोडलेलं असतं. चाक जमिनीवर दाबून बसलेलं असताना पूर्ण रडर दाबायला गेलात तर सगळा ताण त्या जोडणीवर येतो. सरांना सांगा, टॅक्सी करताना मोकळ्या एप्रनवर चालण्याच्या वेगात एक पूर्ण वळण डावीकडे आणि एक उजवीकडे घेऊ द्या. पेडल शेवटपर्यंत जातं का, आणि ते नेणारा पाय टाचेवर टेकलेला आहे की चवड्यावर, ते तेव्हा कळेल. मागे उशी लागणार असेल तर घट्ट घ्या, घसरणारी नको. उशी लावल्यावर योक पूर्ण मागे येतो का तेही बघा. आणि सीट खाचेत बसली का, हे हलवून बघितल्याशिवाय टेकऑफ करू नका.

मॅनिफोल्ड प्रेशरबद्दल. बंद पडलेलं इंजिन वाऱ्याने फिरत असतं तेव्हा त्या काट्यावर विश्वास ठेवू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर बाहेरच्या हवेइतका दाब तो दाखवतोच. आरपीएमही गव्हर्नरमुळे (प्रॉपेलरचे फेरे स्थिर ठेवणारा भाग) बराच काळ बऱ्यापैकी दिसतो. सरांनी थ्रॉटल ओढला तर काटा पडेल, पण खऱ्या फेल्युअरमध्ये तसा पडेलच असं नाही. म्हणून काट्यांवरून इंजिन ओळखायची सवयच लावू नका.

धागाकर्ती

आज सकाळी बघितलं. सरांनी दोन्ही बाजूंना वळणं घेऊ दिली. उजवं पेडल शेवटपर्यंत न्यायचं तर माझी टाच उचलली जाते, मी चवड्यावर येते आणि कंबर सीटवर उजवीकडे घसरते. सर म्हणाले, ‘हे मला आधी दिसायला हवं होतं.’ म्हणजे पाय बरोबर होता, पण तो पोचत नव्हता?

जुना_इन्स्ट्रक्टर

हो, तसंच झालंय. आता सविस्तर लिहितो. मी तीस वर्षं शिकवलं, त्यात ट्विनवरच जास्त.

तू बरोबर पाय दाबलास. पण चवड्याने पाऊण रडरच लागला, म्हणून नाक सरकत राहिलं. आपण केलेलं बरोबर असूनही विमान ऐकत नाही असं दिसलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो आणि तो उलटं करायला जातो. पुढचा सगळा गोंधळ, दुसरा पाय, काटे, चुकीचा लिव्हर, त्या एका क्षणातून आला. तेव्हा पहिला उपाय उशीचा. पाठीमागे घट्ट उशी लाव, टाच जमिनीवर राहू दे, आणि रडर मांडीच्या जोराने दाब.

दुसरा उपाय हाताचा. नाक सरळ झालं नाही तोवर उजवा हात सगळ्या लिव्हरना एकत्र पुढे ढकलण्यापलीकडे काहीही करणार नाही. मी मुलांना लिव्हर ढकलून हात तिथेच उघडा ठेवायला लावायचो. मूठ मिटायची नाही. नाक एका खुणेवर थांबलं, जिवंत इंजिनाकडे पंख कलून दोन-तीन अंश बँक झाली, घसरण दाखवणारा बॉल अर्धा त्याच बाजूला सरकला आणि वेगाचा काटा निळ्या रेघेवर (एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढाई देणाऱ्या वेगावर) आला, की मग खाली पायांकडे लक्ष दे. आता एक पाय खरोखर रिकामा असेल. त्या बाजूचा थ्रॉटल हळू मागे घे. काहीच बदललं नाही तर बंद इंजिन तेच. नाक जोरात वळलं तर हात चुकलाय, थ्रॉटल परत पुढे. चुकीच्या लिव्हरपासून वाचवणारी ही एवढीच तपासणी आहे, आणि तिला दोन सेकंद लागतात.

ती दोन सेकंदं कुणी वाचवू नयेत म्हणून एक घटना सांगतो. 4 फेब्रुवारी 2015, तैपेई. ट्रान्सएशियाचं एटीआर 72 टेकऑफ करून वर येत होतं. उजव्या इंजिनाचा प्रॉपेलर आपोआप फेदर झाला. कॅप्टनने डाव्या, म्हणजे चालत्या इंजिनाचा लिव्हर मागे घेतला आणि ते बंद केलं. 43 माणसं गेली. तो व्यावसायिक वैमानिक होता, शेजारी सहकारी बसलेला होता, आणि तरी हात चुकला. तुझाही हात चुकू शकतो, म्हणून ही तपासणी आपल्या सगळ्यांनाच लागते.

पायाचंही एक उदाहरण आहे. 30 जून 2019, टेक्सासमधलं ॲडिसन. किंग एअर 350, आत दहा जण. टेकऑफनंतर काही सेकंदांत डाव्या इंजिनाचा जोर गेला. अशा वेळी उजवा पाय हवा, पण सुरुवातीला डावा रडर दिला गेला असं तपासातल्या विश्लेषणात पुढे आलं. विमान धावपट्टीशेजारच्या हँगरवर पडलं, कुणी वाचलं नाही. ते तुझ्या सेनेकाहून कितीतरी दणकट विमान होतं.

आता तुझी मोठी शंका. दोन प्रॉपेलर उलट फिरतात याचा अर्थ इतकाच की डावं गेलं काय आणि उजवं गेलं काय, त्रास सारखाच. त्रास कमी झाला असं नाही.

चढाई होते ती उरलेल्या ताकदीवर. समजा, दोन्ही मिळून 400 अश्वशक्ती आहेत आणि निळ्या रेघेच्या वेगाला विमान नुसतं आडवं उडत ठेवायला 160 लागतात. चढायला उरल्या 240. एक इंजिन गेलं, राहिल्या 200. त्यातून 160 गेल्या, चढायला उरल्या 40. निम्मी ताकद गेली, पण चढाई सहा भागांतून एका भागावर आली. आणि यात वाऱ्याने फिरणाऱ्या प्रॉपेलरचा, गेअरचा, फ्लॅपचा, वाकड्या उडण्याचा विरोध अजून धरलाच नाही. तो धरला की त्या चाळीसही उरत नाहीत. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण हलक्या ट्विनमध्ये एका इंजिनाबरोबर ऐंशी ते नव्वद टक्के चढाई जाते, हे खरं आहे.

आणि कायद्यानेही तुला ती चढाई दिलेली नाही. अमेरिकेच्या ज्या जुन्या भाग 23 च्या नियमांखाली ही विमानं प्रमाणित झाली, त्यात 6000 पौंडांपर्यंतच्या आणि 61 नॉट किंवा त्याहून कमी स्टॉल-वेगाच्या (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत त्या वेगाच्या) पिस्टन ट्विनला एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी अटच नाही. किती चढतं किंवा किती उतरतं ते मोजून द्या, एवढंच आहे. मोठ्या प्रवासी जेटला ती अट आहे. तुझ्या आईच्या मनात ते जेट आहे, तुझ्या हातात सेनेका आहे. म्हणून सर ‘समोर उतरायचं’ म्हणून घेतात.

तुझं मैदान किती उंचीवर आहे? दुपारचं तापमान किती असतं?

धागाकर्ती

काका, वाचताना दोनदा थांबले. 240 मधून 40, हे मला कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

मैदान साधारण हजार फुटांवर. सकाळी 28 अंश, दुपारी 42 पर्यंत जातं. परवा विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून एका इंजिनाची चढाई मिनिटाला 150 फुटांच्या आसपास निघाली होती. मी ती ‘पॉझिटिव्ह आहे’ म्हणून वहीत टिक करून सोडून दिली.

जुना_इन्स्ट्रक्टर

ती टिक खोड आणि पुढचं गणित कर. 89 नॉट म्हणजे मिनिटाला जवळजवळ दीड नॉटिकल मैल, पावणेतीन किलोमीटर. तेवढं अंतर कापल्यावर तू 150 फूट वर जाशील. पाचशे फूट मिळवायला नऊ किलोमीटर. तुमच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे नऊ किलोमीटरांत काय काय आहे? उच्च दाबाच्या तारा, साखर कारखान्याची चिमणी, टेकडी? ते नकाशावर बघ, शक्य असेल तर मोटारसायकलवर जाऊनही बघ. कुठल्या बाजूला मोकळी शेतं आहेत ते डोळ्यांत असू दे.

हजार फूट आणि 28 अंश म्हणजे हवा 2800 फुटांवरच्यासारखी विरळ. 42 अंशाला तीच 4500 फुटांवरच्यासारखी. सेनेका टूला टर्बो असल्याने इंजिनं बरीच तग धरतात, पण पंखाला आणि प्रॉपेलरला हवा विरळच मिळते.

आणि एक लक्षात ठेव. टर्बोमुळे इंजिन जोर सोडत नाही, म्हणून लाल रेघेची (एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याच्या किमान वेगाची) भीतीही विरळ हवेत फारशी कमी होत नाही. सेनेका टूची लाल रेघ 66, निळी 89. परवा तू 78 वर होतीस. विमान चढत नाही म्हणून नाक वर ओढत राहिलीस तर लाल रेघेखाली पूर्ण रडर देऊनही ते जिवंत इंजिनाच्या जोराने उलटं पडेल. तिथे पोचलीसच तर उपाय मनाला न पटणारा आहे. नाक खाली आणि जिवंत इंजिनाचा थ्रॉटल मागे. ताब्यात ठेवून शेतात उतरलेल्या विमानातून माणसं बाहेर चालत येतात. उलटं पडलेल्यातून येत नाहीत.

फिनिक्सवासी

मी मूळचा सांगलीचा, ॲरिझोनात सेमिनोलवर (पायपरचंच छोटं ट्विन) मल्टी-इंजिन केलं. तिथे उन्हाळ्यात दुपारी 43-44 अंश, आणि सेमिनोलला टर्बो नाही. आमच्याकडे एका इंजिनाची चढाई काही दुपारी तक्त्यावरच उणे यायची, आणि त्या दिवशी उड्डाण रद्द.

मला ज्याने फायदा झाला ते सांगतो. घरी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली, समोर भिंतीला दोन जाड पुस्तकं टेकवली. रूममेट ‘डावं’ किंवा ‘उजवं’ म्हणायचा नाही, कारण खऱ्या विमानात कुणी सांगत नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर एक काठी धरून बाजूला सरकवायचा, म्हणजे नाक तिकडे निघालं. मी उलट्या बाजूचा पाय दाबायचा, दुसरा पाय उचलून मागे खुर्चीखाली घ्यायचा. हो, चक्क उचलायचा. रोज वीस मिनिटं, आठवडाभर. पाय उचलायची सवय लागल्यावर दोन्ही पाय ताठ व्हायचं थांबलं. विमानात मी तो पूर्ण उचलत नाही, पेडलवर सैल सोडतो.

ताई, सरांना एक विचारा. आमच्याकडे चारशे-पाचशे फुटांवर फक्त थ्रॉटल ओढायचे आणि मी क्रम बोलून दाखवला की ‘फेदर केल्याइतका’ जोर लावून द्यायचे. मिक्श्चर ओढून खरं इंजिन बंद करणं तीन हजार फुटांच्या वरच. खाली कधीच नाही.

देखभालवाला

फिनिक्सवाल्या दादांना दुजोरा. फेदरबद्दल एक गोष्ट राहिली. या प्रॉपेलरमध्ये तेलाचा दाब पाती बारीक कोनाकडे धरून ठेवतो. लिव्हर मागे ओढला की तेल सुटतं आणि स्प्रिंग व नायट्रोजन पात्यांना वाऱ्याच्या रेषेत नेतात. पण 800 आरपीएमच्या खाली आतल्या खिट्ट्या बसतात, मग फेदर होत नाही. जमिनीवर इंजिन बंद करताना दर वेळी फेदर होऊ नये म्हणून ती सोय. हवेत निळ्या रेघेच्या वेगाला वाऱ्याने फिरणारा प्रॉप सहसा त्याच्या बराच वर असतो, म्हणजे काकांची ती दोन सेकंदं तुमच्याकडे आहेत. पण इंजिन आतून जाम होत असेल, आरपीएम भराभर पडत असेल, तर खात्री झाल्यावर रेंगाळू नका.

धागाकर्ती

अपडेट. पाच दिवस लिहिलं नाही, कारण रोज भिंतीसमोर बसत होते. धाकटा भाऊ व्हिडिओ कॉलवर पट्टी सरकवायचा.

आज सॉर्टी झाली. पाठीमागे गादीवाल्याकडून कापून आणलेला घट्ट फोम, वर खोळ शिवलेली. टेकऑफच्या आधीचं ब्रीफिंग पहिल्यांदा मी माझ्या शब्दांत केलं. ‘चाकं जमिनीवर असताना काही झालं तर दोन्ही थ्रॉटल बंद, सरळ ब्रेक. वर आल्यावर गेअर खाली आणि पुढे धावपट्टी असेल तर दोन्ही बंद करून तिथेच उतरायचं. गेअर वर असेल तर निळी रेघ. तक्ता 170 फूट देतोय. चढलं नाही तर थोडं उजवीकडे, कालव्याच्या पलीकडची कापणी झालेली शेतं.’ ती शेतं मी रविवारी मैत्रिणीच्या स्कूटरवर जाऊन बघून आले. कालव्याच्या अलीकडे विहिरी आहेत, पलीकडे नाहीत.

सहाशे फुटांना सरांनी पुठ्ठा धरला. नाक उजवीकडे निघालं. डावा पाय टाचेसकट गेला आणि नाक थांबलं. खरंच थांबलं! हात उघडा ठेवला. मांडी थरथरत होती, पण उजवा पाय पेडलवर नुसता टेकलेला होता, मला तो स्पष्ट जाणवत होता. ‘उजवं’ म्हणाले, उजवा थ्रॉटल मागे घेतला, काही बदललं नाही, प्रॉपच्या लिव्हरला बोट लावून ‘फेदर’ म्हटलं. स्पीड 87 ते 90 मध्ये राहिला. चढाई मोजली तर दीडशेच्या जरा खाली, तक्त्याच्या 170 पेक्षा कमी. पूर्ण सर्किट करून उतरलो. दुसऱ्या वेळी डावं दिलं, तेही जमलं. तिसऱ्या वेळी बँक द्यायची राहिली, सरांनी बॉलकडे बोट दाखवलं.

आईला रात्री 240 आणि 40 चं गणित सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘मग दुपारी कशाला उडता?’ मी सरांना तेच विचारलं. चेकपर्यंतच्या माझ्या सगळ्या सॉर्टी त्यांनी सकाळी साडेनऊच्या आत घेतल्या आहेत. पण चेक दुपारी दोनचा लागलाय, तो बदलेल असं वाटत नाही. त्या दिवसाचा 42 अंशांचा तक्ता आज काढते आणि इथे टाकते. काका, तपासून द्याल का?

जुना_इन्स्ट्रक्टर

टाक. परीक्षकाचं वजन धर, टाक्यांत पेट्रोल किती ते लिही, आणि हजार फूट ही मैदानाची उंची आहे, दाब-उंची (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) नव्हे. मे महिन्यात दाब कमी असतो, त्या दिवशीचा क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) घेऊन ती वेगळी काढ. वजा आकडा आला तर तक्ता घेऊन चेकच्या आधी सरांकडे जा आणि वेळ बदलून मागायला सांग.